तीन पत्तीवाल्याचा पोकर

आदिलाबाद, बेला, जैनथ या पट्ट्यातला मुरलेला तीन पत्तीवाला पोकरच्या पहिल्याच बैठकीत फसतो तो बहुधा एका साध्या गोष्टीवर. त्याच्याकडे सिक्वेन्स असतो, समोरच्याकडे नुसता कलर. हा हसत पॉट ओढायला हात पुढे करतो आणि बाकीचे त्याचा हात धरतात. पोकरमध्ये कलर मोठा, सिक्वेन्स लहान. वीस-वीस वर्षं दिवाळीच्या रात्री जागवलेल्या माणसाला हे पटत नाही. कोणीतरी नियम उलटा सांगतोय, आपल्याला नवखा बघून गंडवतोय, असंच त्याला वाटतं.

नियम उलटा नाही, हिशेब उलटा आहे. बावन्न पानांतून तीन पानं निवडायचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यांत साधा सिक्वेन्स ७२० वेळा येतो आणि कलर १,०९६ वेळा. जे कमी वेळा येतं ते मोठं, म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स वर. पोकरचा हात पाच पानांचा. तिथं एकूण प्रकार २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० वेळा आणि कलर ५,१०८ वेळा. पानं तीनाची पाच झाली की पाचही एकाच रंगाची मिळणं फार अवघड होऊन बसतं, सिक्वेन्सला मात्र रंगाचं बंधन नसतं. म्हणून जागा बदलल्या.

आता जो म्हणेल की तीन पत्तीचे नियम हिशेबाला धरून आहेत, त्याला एक खोडा घालता येतो. तीन एक्के, तीन राजे अशी ट्रेल ५२ प्रकारे लागते आणि एकाच रंगाचा प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मिळ. तरी घरोघरी ट्रेलच मोठी धरतात. इतकी वर्षं खेळूनही हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण दोन्ही इतक्या क्वचित लागतात की फरक जाणवायला एक जन्म पुरायचा नाही. अनुभवानं सगळं कळतं असं मानणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

या प्रकरणात नवख्या पोकर खेळाडूच्या चुका पाहायच्या आहेत. पण आपल्याकडचा नवखा कोरा नसतो. त्याच्या बोटांना पत्त्यांची सवय असते. पिसणं, वाटणं, ब्लाइंड, चाल, शो हे सगळं त्याला येत असतं. त्याच्या बहुतेक चुका अज्ञानातून येत नाहीत, त्या तीन पत्तीच्या चांगल्या सवयींतून येतात.

आधी खेळ थोडक्यात. सगळीकडे चालतो तो प्रकार टेक्सास होल्डम. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली. मग मध्ये सगळ्यांसाठी तीन पानं उघडी, नंतर एक, शेवटी आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून सर्वांत चांगली पाच पानं धरायची. पानं उघडण्याआधी एकदा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकदा, अशा चार वेळा चाली होतात. दर वेळी पॅक करता येतं, समोरच्याएवढंच लावून कॉल करता येतो, त्याहून जास्त लावून रेज करता येतं. आपल्यावर कोणी चाल केली नसेल तर काही न लावता चेकही करता येतं. शेवटी एकटा उरला तर पान न दाखवता पॉट त्याचा.

सर्वांत महाग पडणारी सवय म्हणजे प्रत्येक डावात बसणं. तीन पत्तीत तिला आधार आहे. बूट लहान असतो, ब्लाइंड खेळणाऱ्याला सीनच्या निम्मंच लावावं लागतं, आणि शंभरातल्या सुमारे ७४ हातांत साधी जोडीही नसते. म्हणजे तुमच्याकडे राजा-दश्शी-चौकी असं काहीबाही असलं तरी समोरच्याकडेही तसलंच असायचा संभव मोठा. पानं न बघता चार चाली करणाऱ्याला तिथं खरोखर सूट मिळते. पोकरमध्ये तशी सूट नाही. न बघता खेळलात तरी पूर्ण किंमत, बघून खेळलात तरी तीच. आणि समोरच्याला अजून पाच पानांची मदत यायची असते, त्यामुळे काहीबाही पानांवर जिंकायचे दिवस संपतात.

दोन पानांचे एकूण प्रकार १,३२६. हातात जोडी येते १७ डावांत एकदा. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. जोडी नसलेली दोन पानं घेऊन बसलात तर मधल्या पहिल्या तीन पानांवर त्यांतल्या एखाद्याची जोडी लागायची शक्यता तीनात एक एवढीच. तीनातल्या दोन वेळा तुम्ही हातात काही नसताना पुढच्या चालीला सामोरे जाता. नवख्याला भुलवतात ती एकाच रंगाची दोन पानं. बदामची सत्ती आणि बदामची दुर्री आली की चेहरा खुलतो, कलर होईल म्हणून. पहिल्या तीन पानांतच कलर पुरा व्हायची शक्यता शंभरात एकसुद्धा नाही, पाचही पानं पडेपर्यंत थांबलात तरी साडेसहाच्या आतच. सत्ती-दुर्री ही टाकायचीच पानं. रंग एक आहे म्हणून ती राजा-राणी होत नाहीत.

उलट बाजूही बघावी. एक्क्यांची जोडी समोर एकच गडी असताना शंभरात ८५ वेळा जिंकते. पाच गडी शेवटपर्यंत बसले तर ४९ वेळा, आठ बसले तर जेमतेम ३५ वेळा. आपल्याकडे दिवाळीत जसं सगळेच सगळ्या डावांत असतात तशा बैठकीत जगातला सर्वांत भारी हातसुद्धा बहुतेक वेळा हरतो. म्हणून चांगलं पान आलं की नुसता कॉल करून गुपचूप आत शिरणं चूक. रेज करून गर्दी कमी करायची. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी बनवलेल्या प्लुरिबस या संगणक कार्यक्रमानं सहा जणांच्या खेळात नामांकित व्यावसायिकांना हरवलं. त्याला माणसांचे डाव शिकवलेले नव्हते, तो स्वतःशीच खेळून शिकला. आणि जवळजवळ सगळ्या जागांवरून तो एका निष्कर्षावर आला: नुसता कॉल करून आत येऊ नका. एक तर रेज करा, नाही तर पॅक करा. जुने खेळाडू हेच सांगत आले होते. यंत्रानं त्यांना दुजोरा दिला.

किती पानं खेळावीत? सहा जणांत बसलेल्या नवख्यानं चार-पाच डावांतला एक खेळला तरी पुष्कळ झालं. हे ऐकायला सोपं, पाळायला महाकठीण, कारण पॅक करून बसणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. “काहून बे, भ्याला का?” हा प्रश्न कानावर पडला की चांगले चांगले दुर्रीवर चाल करतात.

आता हिशेबाकडे, आणि त्यासाठी एका झाडाखाली जावं लागेल.

महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट आहे. पुष्कराशी फाशांत सगळं राज्य हरलेला नळ बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. दोघं रथातून विदर्भाकडे निघालेले असतात, दमयंतीच्या गावाला. ते कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर असं आपल्याकडे मानतात. तीच वर्धा खाली येऊन जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची शीव होते. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. उटनूरच्या रानात आजही दिसतं तेच, त्रिफळ्यातलं. ऋतुपर्ण रथातून एक नजर टाकतो आणि सांगतो, दोन फांद्यांवर मिळून पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. पाच कोटी पानं जरा जास्तच झाली, पण राजाला कोण बोलणार? नळ बोलतो. तो रथ थांबवतो, झाड तोडून फळं मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचं मर्म ठाऊक आहे, म्हणून मोजणीही येते. नळ त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो, बदल्यात घोड्यांची विद्या देतो, आणि त्या विद्येच्या बळावर पुष्कराकडून राज्य परत मिळवतो. प्राचीन फासे बेहड्याच्याच फळांचे असत, त्यामुळे झाडाची निवडही सहज झालेली नाही.

इयान हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञानं संभाव्यतेच्या इतिहासावरच्या आपल्या १९७५ च्या पुस्तकात या कथेची दखल घेतली आहे. थोडं बघून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि जुगारात डाव ओळखणं ही एकच विद्या आहे, हे कथाकाराला दिसलं होतं. मला तर त्यातली नळाची गोष्ट जास्त आवडते. ऋतुपर्णाचा शब्द तो तसाच मानत नाही. उतरून मोजतो.

पोकरमधली मोजणी ऋतुपर्णाएवढी अवघड नाही. समजा, चिंचोके लावून खेळ चालला आहे. मामांच्या हातात बदाम राजा आणि बदाम नश्शी. मध्ये चार पानं उघडली आहेत, त्यांत दोन बदाम. एक पान यायचं बाकी. पॉटमध्ये ४० चिंचोके, आणि भाचा ४० ची चाल करतो. त्याच्याकडे एक्क्यांची जोडी आहे असं धरू, आणि शेवटच्या पानानंतर कोणी काही लावणार नाही असंही धरू. मामांनी काय करावं?

मामांना सहा पानं दिसतात: हातातली दोन, मधली चार. न दिसलेली ४६. बदामची एकूण १३, त्यांतली चार दिसली, उरली नऊ. म्हणजे ४६ पैकी नऊ पानं मामांना जिंकवतील, ३७ हरवतील. पाचात एक, त्याहून किंचित कमी. आता बाजू दुसरी. ४० लावून मामांना मिळणार ८०. हाच प्रसंग ४६ वेळा आला असं समजा. नऊ वेळा ८० मिळाले, झाले ७२०. सदतीस वेळा ४० गेले, झाले १,४८०. एकूण ७६० चिंचोक्यांचा खड्डा, दर वेळी साडेसोळा. तेव्हा पॅक.

भाच्यानं ४० ऐवजी १० ची चाल केली असती तर? मग १० लावून ५० मिळणार. नऊ वेळा ५० म्हणजे ४५०, सदतीस वेळा १० म्हणजे ३७०. आता मामा ८० नं पुढे. पानं तीच, शक्यता तीच, फक्त किंमत बदलली आणि उत्तर फिरलं. नवखा विचारतो, “माझा कलर होईल का?” जाणता विचारतो, “कलरची आशा किती भावानं मिळतेय?” भाच्याच्या बाजूनंही हेच खरं: १० ची चाल करून त्यानं मामांना स्वस्तात बसू दिलं असतं, आणि चांगलं पान लपवून ठेवण्याची ही हौस नवख्यांत फार. चांगलं पान असेल तर दाम लावावा.

बैठकीत बसून भागाकार करायची गरज नाही. तुम्हाला जिंकवणारी पानं मोजा. एक पान यायचं असेल तर दोननं गुणा, दोन यायची असतील तर चारनं. नऊ पानांचे शेकडा १८ आणि ३६ येतात. खरे आकडे साडेएकोणीस आणि पस्तीस. एवढा जवळचा अंदाज पुरतो.

बरं, मामांनी ४० चा कॉल केला आणि शेवटचं पान बदाम पडलं तर? बैठक टाळ्या देईल. मामा वर्षभर तो डाव सांगतील. आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच चूक करतील, कारण चुकीला बक्षीस मिळालं. पोकर शिकणं याच जागी अवघड जातं. कुऱ्हाड पायावर पडली तर लगेच कळतं. इथं चूक करूनही पाचात एकदा पॉट मिळतो, आणि योग्य निर्णय घेऊनही माणूस रात्रभर हरतो. म्हणून डाव जिंकला की हरला यावरून तो नीट खेळलो की नाही हे ठरवू नये. पान पडायच्या आधी हाताशी जेवढी माहिती होती, तेवढ्यावरच निर्णय तपासावा.

जागेबद्दल थोडंसंच सांगतो. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते आधीच दिसतं, म्हणून तो जास्त पानं खेळू शकतो. पहिल्या बोलणाऱ्यानं फक्त भक्कम पानं धरावीत. नवखा मात्र दोन्ही जागी सारखाच खेळतो.

ब्लफकडे नवखा जातो तो सिनेमे बघून. ‘कॅसिनो रॉयल’मधल्या शेवटच्या डावात चार जणांकडे एकाच वेळी एकाहून एक भारी हात असतात, असल्या डावावर खेळ शिकणं म्हणजे लॉटरीवर संसार मांडणं. ब्लफचा हिशेब कोरडा आहे. पॉट ६० चा असताना ६० चा ब्लफ केला तर तो निम्म्या वेळा तरी चालला पाहिजे, नाही तर तोटा. ३० चा केला तर तीनात एकदा चालला तरी भागतं. म्हणजे प्रश्न तुमच्या चेहऱ्याचा नाही, समोरचा किती वेळा पॅक करतो याचा आहे. आणि आपल्या बैठकांत कोणी पॅकच करत नाही! अशा ठिकाणी ब्लफ करणारा शूर नसतो, दानशूर असतो.

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या खेळ-सिद्धांताच्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र विभाग दिला. त्याच्या सोप्या केलेल्या पोकरमध्ये उत्तर असं निघालं: मोठी चाल करावी ती फार चांगल्या हातांवर आणि अगदी टाकाऊ हातांवर, मधल्यांवर नाही. नवखा नेमकं उलट करतो. मध्यम जोडीवर ब्लफ मारतो, म्हणजे जे पान शोमध्ये कधीतरी जिंकलं असतं तेच वाया घालवतो. त्याच्याहून वाईट पानांचे गडी पळतात, चांगल्या पानांचे बसतात, आणि त्याला उरतो फक्त हरायचा डाव.

यापुढची चूक कोणाला सांगावी लागत नाही आणि तरी कोणी टाळत नाही. हरलेलं त्याच रात्री परत मिळवायचं. सभापर्वातला युधिष्ठिर धन हरला, राज्य हरला, मग भाऊ, मग स्वतः, मग द्रौपदी. प्रत्येक पण आधीच्यापेक्षा मोठा. शकुनीचं कौशल्य बाजूला ठेवलं तरी युधिष्ठिराची बैठकीतून उठायची तयारी नव्हती, एवढं तरी खरं. उपाय एकच कामाचा: किती हरल्यावर उठायचं ते बसण्याआधी ठरवणं आणि शेजारच्याला सांगून ठेवणं. बसल्यावर ठरवलेलं टिकत नाही.

आता कायद्याचं, कारण आदिलाबादेत राहून या विषयावर लिहायचं आणि ते टाळायचं हे बरोबर नाही. निजामी राजवटीत हैदराबादचा स्वतःचा जुगारविरोधी कायदा होता आणि तो राज्य गेल्यावरही चालू राहिला. त्याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर १९६३ मध्ये छापा पडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालपत्रानं रमी सुटली: कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं याला कौशल्य लागतं, म्हणून रमी हा केवळ नशिबाचा खेळ नाही. त्याच निकालात तीन पानांच्या फ्लशला, म्हणजे आपल्या तीन पत्तीला, मात्र निव्वळ नशिबाच्या रांगेत बसवलं. देशभरातल्या रमीवाल्यांनी पुढं पन्नास वर्षं या निकालाचा आधार घेतला, आणि पोकरवालेही त्याच्या सावलीला उभे राहायला बघत होते.

ती सावली इथं टिकली नाही. १९७४ चा जुगारविरोधी कायदा तेलंगणानं २०१७ मध्ये बदलला आणि पैसे लावून ऑनलाइन रमी, पोकर खेळणं राज्यात बंद झालं. पैनगंगेच्या पुलापलीकडे पांढरकवड्यात मोबाईलवर जे चालायचं ते पुलाच्या अलीकडे गुन्हा ठरत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं तो फरकही पुसला: कौशल्याचा असो की नशिबाचा, पैशांचा ऑनलाइन खेळ चालवायला देशभर मनाई. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर परवान्यानं पोकर चालतो. आदिलाबादच्या शेतातल्या कोठ्यात पैसे लावून बसलात तर मात्र पोलिसांच्या पंचनाम्यात पत्ते, रोकड आणि मोटारसायकली असं सगळं येतं.

तेव्हा चिंचोके. त्यांच्यावर एक आक्षेप रास्त आहे: फुकटाचं म्हटलं की सगळे सगळ्याला कॉल करतात आणि खेळाची गंमत जाते. यावर इलाज आहे. महिनाभराचा खेळ ठरवावा. प्रत्येकाला महिन्याला ५०० चिंचोके, संपले की त्या महिन्यापुरता तो माणूस फक्त पानं वाटणार. एका वहीत प्रत्येक बैठकीची बेरीज लिहावी. फुकटाचे चिंचोके दुसऱ्या आठवड्यात लोक जिवापाड जपायला लागतात, हे करून बघण्यासारखं आहे.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर ज्या डावांत मोठी चाल झाली ते उतरवावेत: हातातली पानं, मधली पानं, पॉट किती, चाल किती, आपण काय केलं. कोण जिंकलं हे लिहायचं नाही. आठवड्यानं दुसऱ्या कोणालातरी ते पान दाखवून विचारायचं, “इथं तू काय केलं असतंस?” निकाल माहीत नसलेला माणूस निर्णय बघतो. मामांच्या त्या डावाखाली ‘पॉट ४०, चाल ४०, नऊ पानं’ एवढंच लिहिलेलं असेल, तर भाचीसुद्धा अर्ध्या मिनिटात सांगेल, “मामा, हे पॅक होतं.”